'स्वसंरक्षण' या शब्दातला 'स्व'

बंदूक बाळगावी की नाही, हा वाद मुरुम-उमरग्याकडे घालायचा तर १९४८ टाळून चालत नाही. रझाकारांच्या दहशतीत तो प्रश्न तात्त्विक उरला नव्हता. स्वामी रामानंद तीर्थ गांधीमार्गी. तरी त्यांच्या स्टेट काँग्रेसने हैदराबाद संस्थानाच्या सरहद्दीवर सशस्त्र प्रतिकाराचे कॅम्प चालवले. यात विसंगती शोधणाऱ्यांनी तेव्हाचा 'स्व' पाहावा. तो एकट्याचा नव्हता, गावाचा होता.

पण गाव म्हणजे कोण? सप्टेंबरच्या पोलीस कारवाईनंतर झालेल्या मुसलमानांच्या हत्यांची पाहणी पंडित सुंदरलाल समितीने केली, तेव्हा सर्वाधिक होरपळलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. त्या गावात शेजारी धरलाच नव्हता. मुक्तिसंग्रामाच्या आपल्या आठवणींत ही बाजू फारशी येत नाही.

आज १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना एकेकट्याला मिळतो. शेतातल्या एकाकी वस्तीवर राहणाऱ्याची भीती खोटी नाही. परंतु डिसेंबर २०२४मध्ये मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि शेजारच्या बीडमधल्या परवान्यांची खिरापत चर्चेत आली. प्रशासनाला कित्येक रद्द करावे लागले. मला तरी अशा परवान्याच्या अर्जावर शेजाऱ्याचेही म्हणणे घ्यावेसे वाटते.