ऋणनिर्देश म्हणजे परवानगी नव्हे

'अमक्या कादंबरीवर आधारित' एवढे जाहिरातीत छापले की कर्तव्य संपले, अशी तुळिंजपासून पुण्यापर्यंतच्या आमच्या हौशी नाटकमंडळ्यांची समजूत झालेली दिसते. ती सर्वस्वी चुकीची आहे. ययातीची कथा महाभारतातली, अर्थात सर्वांच्या मालकीची. गिरीश कार्नाडांचे तिच्यावरील कन्नड नाटक १९६१ साली प्रसिद्ध झाले, त्यास चोरी कोण म्हणेल? परंतु ययाती, देवयानी व शर्मिष्ठा यांच्याच मुखांतून ती वदविण्याची खांडेकरांची १९५९ मधील मांडणी आणि त्यांचे शब्द ही त्यांची स्वतःची निर्मिती होय. कल्पना मोकळी, आविष्कार मात्र लेखकाचा, हा भेद सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली आर. जी. आनंद यांच्या खटल्यात स्पष्ट केला. खांडेकर १९७६ साली निवर्तले. तेव्हा त्यांच्या ग्रंथांवरील हक्क २०३६ अखेरपर्यंत अबाधित आहे.

कायदा काही कृपण नाही. परीक्षणासाठी उतारे घ्यावेत. तुळिंजच्या हौशी मंडळाने तिकीट न लावता छापील नाटक खुशाल करावे. १९५७ च्या कायद्याचे ५२ वे कलम त्यास मोकळीक देते. पण कादंबरीचे नाटक करणे हे रूपांतर. त्यास, प्रयोग फुकट असला तरी, परवानगी हवीच. एक पत्र लिहावयाचे, त्याचा एवढा कंटाळा का? आणि हीच मंडळी आपली संहिता दुसऱ्याने उचलली की वर्तमानपत्रांकडे आक्रोशाची पत्रे धाडतात!