एका खेळांतील लबाडी आणि दुसऱ्या खेळाचें दार

सांप्रत आमच्या पुनावळ्याच्या नव्या वसाहतींतून सायंकाळीं फेरी मारिली, तर मैदानावर मुलें दिसतात, तशींच तीं जिन्यांत आणि पार्किंगमध्यें मोबाईलवर मान वांकवून बसलेलींहि आढळतात. हा खेळ चांगला कीं वाईट, हा वाद आज आम्हांस घालावयाचा नाहीं. तो खेळ आहे आणि त्यांत लबाडीहि होते, एवढें सर्वांस मान्य आहे. आमचा प्रश्न निराळा आहे: एका खेळांतून लबाडीबद्दल हांकलल्या गेलेल्या खेळाडूस दुसऱ्या खेळाचें दारहि बंद असावें काय?

ज्या पालकांस हा विषय अपरिचित असेल त्यांच्यासाठीं थोडें सांगतों. या खेळांतील लबाडी म्हणजे मोबाईलांत अगर संगणकांत एखादा बाहेरचा प्रोग्रॅम चोरून घालणें. त्याच्या योगें भिंतीपलीकडील प्रतिस्पर्धी दिसतो किंवा नेम आपोआप लागतो. ती पकडण्यासाठीं कंपन्याहि आपला पहारा ठेवितात. अमेरिकेंतील व्हॉल्व्ह कंपनीचा असा पहारा २००२ सालापासून आहे. तिची बंदी कायमची असते, आणि कित्येकदां एकाच घडणीच्या अनेक खेळांस ती एकदम लागू होते. आपल्याकडे बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया हा खेळ चालविणाऱ्या क्राफ्टन या कोरियन कंपनीनें डिसेंबर २०२१ पासून खेळाडूच्या खात्याबरोबर मोबाईल यंत्रावरहि बंदी घालण्यास आरंभ केला.

कांहीं विद्यार्थी म्हणतील, "खेळ निराळा, नियम निराळे, मग तेथील शिक्षा येथें कां?" हा युक्तिवाद आम्हांस पटत नाहीं. खेळ बदलला तरी खेळणारा तोच असतो. मार्च २०१८ मध्यें केपटाऊन येथें चेंडूशीं केलेल्या लबाडीबद्दल ऑस्ट्रेलियाच्या मंडळानें स्टीव्ह स्मिथ व डेव्हिड वॉर्नर यांजवर एक वर्षाची बंदी घातली, तेव्हां आपल्या भारतीय मंडळानेंहि त्या वर्षीच्या आयपीएलमधून त्यांस वगळलें. आयपीएलमध्यें त्यांनीं कांहींहि केलें नव्हतें. तरी तो निर्णय योग्यच होता. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत शांघाय येथें काउंटर-स्ट्राइकच्या स्पर्धेंत ऑप्टिक इंडिया या संघाचा निखिल कुमावत भर सामन्यांत पकडला गेला. संघ बाद झाला, मालकांनीं तो मोडून टाकिला, आणि ज्या चार सहकाऱ्यांवर कांहींच ठपका नव्हता त्यांचीहि संधि गेली. कुमावत यांजवर पुढें पांच वर्षांची बंदी आली. असा खेळाडू लागलीच दुसऱ्या संघांत शिरला, तर आणखी चौघांच्या मेहनतीवर पाणी पडणार नाहीं याची हमी कोण देईल?

परंतु येथेंच एक भेद ध्यानांत घ्यावा. स्मिथ-वॉर्नर यांचा अपराध कोणाचा हें ठाऊक होतें, त्याची चौकशी झाली, दाद मागण्याची मुभा होती, आणि शिक्षेस मुदत होती. मुदत संपतांच ते परतले. यंत्रावर बंदी घातली म्हणजे मात्र यंत्र कोणाच्या हातीं होतें हें कोणी पाहत नाहीं. आमच्याकडे हिंजवडीस अगर चाकणास कामावर जाणाऱ्या आईबापांच्या घरीं मुलांत मिळून एकच मोबाईल असणें नवें नाहीं. थोरल्याचा जुना मोबाईल धाकटीकडे येतो, तर कोणी तो वापरलेलाच विकत घेतो. मग लबाडी भावानें करावी आणि दार बहिणीस बंद व्हावें, हा न्याय कसला?

म्हणून आमचें मत असें आहे. जेथें बक्षिसाची रक्कम वा संघाची प्रतिष्ठा पणास लागलेली असते, तेथें शिक्षा माणसाच्या मागोमाग सर्व खेळांत जावी; पण ती माणसाच्या मागें जावी, यंत्राच्या नव्हे. तिच्यापूर्वीं त्याचें म्हणणें ऐकिलें जावें आणि तिला मुदत असावी. व्हॉल्व्ह कंपनीनेंहि २०२१ सालीं आपल्या स्पर्धांपुरता नियम सैल करून, पांच वर्षांहून जुन्या बंदीच्या खेळाडूंस पुनः वाट दिली. तेरा वर्षांच्या मुलाची पहिली चूक तो नोकरीस लागेपर्यंत त्याला चिकटून राहूं नये.

पालकांस आमची विनंति इतकीच, कीं मुलाचें खातें बंद झाल्यास लागलीच दुसरें खातें काढून देऊं नये. प्रथम त्यास जवळ बसवून काय घडलें तें विचारावें. तो निर्दोष असेल, तर कंपनीस लिहिण्यास त्याला साह्य करावें. दोषी असेल, तर ती बंदी त्याला भोगूं द्यावी. आणि विद्यार्थ्यांनो, समोरचा मुलगाहि महिनोन्‌महिने सराव करून खेळावयास आलेला असतो, हें नेम धरतांना विसरूं नका.