कटऑफच्या यादीला पसंती म्हणू नका

एमएचटी-सीईटीचा निकाल लागला की अभियांत्रिकीला जाऊ पाहणाऱ्या मुलांच्या घरात एक यादी फिरू लागते: कोणत्या कॉलेजचा, कोणत्या ब्रँचचा गेल्या वर्षीचा कटऑफ किती होता. त्या यादीत आपले पर्सेंटाइल शोधायचे आणि तिथून खाली उतरत ऑप्शन फॉर्म भरायचा, ही आता जवळजवळ रीत झाली आहे. वरचे कॉलेज चांगले, खालचे त्याहून कमी, असे त्यात गृहीत धरलेले असते. माझ्या मते इथेच घात होतो. ऑप्शन फॉर्ममधला क्रम विद्यार्थ्याच्या गरजेवरून आणि पडताळलेल्या माहितीवरून लागला पाहिजे. कटऑफचे काम त्यानंतरचे आहे.

कटऑफ म्हणजे त्या ब्रँचमध्ये शेवटची जागा ज्याला मिळाली, त्याचे पर्सेंटाइल. तिथे कसे शिकवतात, प्रयोगशाळा चालू असते का, किती मुले वेळेत पदवी घेऊन बाहेर पडतात, यातले काहीही त्या आकड्यात नसते. असते ती गेल्या वर्षीच्या मुलांची पसंती, आणि त्यांनीही ती त्याच्या आदल्या वर्षीचा कटऑफ पाहून ठरवलेली असते. शिवाय हा आकडा जागांच्या संख्येवर हलतो. २०२४-२५पासून तंत्रशिक्षण परिषद एआयसीटीईने चांगली कामगिरी असलेल्या संस्थांसाठी एका ब्रँचमधील जागांवरची कमाल मर्यादा काढली आणि अनेक कॉलेजांनी संगणकाशी संबंधित ब्रँचच्या जागा वाढवल्या. जागा वाढल्या की कटऑफ उतरू शकतो. त्यासाठी शिकवण्याचा दर्जा घसरावा लागत नाही. तसाच तो चढला, म्हणून दर्जा वाढला असेही होत नाही.

दुसरी गफलत जागावाटप समजून न घेतल्याने होते. वरच्या कॉलेजचे नाव आधी टाकले तर हातचे कॉलेज जाईल, ही भीती अनेक पालकांना वाटते. कॅपमध्ये, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेत, जागा गुणवत्ता क्रमांकाप्रमाणे दिल्या जातात. विद्यार्थ्याची पाळी आली की त्याचे पर्याय वरून खाली तपासले जातात. पहिला मिळाला नाही तर दुसऱ्या पर्यायावरचा त्याचा हक्क तसूभरही कमी होत नाही. म्हणजे अवघड वाटणारे कॉलेज वर ठेवल्याने काही गमवावे लागत नाही. गमवावे लागते ते उलट केल्यावर. २०२५-२६च्या प्रवेशात चार फेऱ्या होत्या आणि नियम असा होता, की पहिल्या फेरीत पहिला, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी एखादा पर्याय मिळाला तर तोच स्वीकारावा लागेल. अशा वेळी ‘सेफ’ म्हणून पहिल्या क्रमांकावर टाकलेले, मनात नसलेले कॉलेज पहिल्याच फेरीत गळ्यात पडते आणि पुढच्या फेऱ्यांचे दार बंद होते.

मग क्रम लावायचा कशावरून? माहिती आहे, ती वाचण्याचे कष्ट घ्यावे लागतात. एनआयआरएफ या राष्ट्रीय क्रमवारीसाठी संस्था जी आकडेवारी देतात, त्यात किती विद्यार्थ्यांनी ठरलेल्या वेळेत पदवी पूर्ण केली, कितींना नोकरी लागली, त्यांचा मध्यक पगार किती आणि किती जण उच्च शिक्षणाला गेले, हे असते. जाहिरातीतले सर्वांत मोठे पॅकेज एकाच मुलाचे असते; मध्यक पगार नोकरी लागलेल्यांतल्या मधल्या मुलाची गोष्ट सांगतो. आपले मूल तिथे असण्याची शक्यता जास्त. दर्जा तपासून दिली जाणारी नॅकची मान्यता पूर्ण संस्थेला मिळते, एनबीएची मान्यता मात्र अभ्यासक्रमाला; त्यामुळे नामवंत कॉलेजमध्येही आपल्याला हव्या त्या ब्रँचला ती आहे का, हे वेगळे पाहावे लागते.

यावर पहिला आक्षेप असा, की हुशार मुले जिथे जातात तिथेच कंपन्या येतात, म्हणून कटऑफ हाच व्यवहारी निकष. यात तथ्य आहे. पुण्याचे सीओईपी किंवा मुंबईचे व्हीजेटीआय यांचे वजन अनेक पिढ्यांच्या विद्यार्थ्यांमुळे आहे आणि सोबतच्या मुलांकडूनही माणूस शिकतो. पण हा युक्तिवाद टोकाच्या फरकाला लागू पडतो. दोन कॉलेजांत अर्ध्या पर्सेंटाइलचे अंतर असेल आणि त्यासाठी मुलगी आवडीचे इलेक्ट्रॉनिक्स सोडून नको असलेल्या ब्रँचला जाणार असेल, तर त्या अर्ध्या पर्सेंटाइलची किंमत चार वर्षे मोजावी लागते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: साध्या कुटुंबाला आवडनिवड परवडत नाही. म्हणूनच खर्च हा क्रम लावण्याचा भाग असायला हवा. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे. उत्पन्न याच मर्यादेत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातील मुलींना २०२४-२५पासून शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण हे लाभ कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाला मिळतात, आणि वसतिगृह, मेस, प्रवास यांचा हिशेब उरतोच. तो मांडल्यावर घराजवळचे कॉलेज पहिले आले, तर ती विचारपूर्वक केलेली निवड आहे. तिला कमी लेखायचे कारण नाही.

कटऑफची यादी निरुपयोगी नाही. ऑप्शन फॉर्म किती खालपर्यंत भरावा, हे तीच सांगते. म्हणून कुटुंबाने आधी ती मिटून ठेवावी आणि ब्रँच, अभ्यासक्रम, निकाल, खर्च यांवरून पहिली दहा-बारा नावे मुलासोबत बसून ठरवावीत. त्यातल्या वरच्या सहांपैकी कोणतेही मिळाले तरी मूल आनंदाने जाईल ना, हे त्यालाच विचारावे. मग कटऑफ उघडून यादी खाली वाढवावी, म्हणजे जागा हुकणार नाही. फॉर्म विद्यार्थ्याचा असतो. त्यातला क्रमही त्याचाच असू द्या.