तिचं नाव विचारायचं राहिलं

मैत्रिणींनो, परवा वर्गात १९२९ नंतरच्या मंदीचा विषय निघाला, म्हणून मुलींना अमेरिकेतला एक जुना फोटो दाखवला. तुम्हीही तो कुठंतरी पाहिला असेल. कपाळाला आठ्या घातलेली बाई, एक हात गालाशी, मांडीवर तान्हं मूल आणि दोन्ही खांद्यांवर तोंडं लपवलेली दोन पोरं. मी मंदीबद्दल बोलायला लागणार, तोच मागच्या बाकावरून प्रश्न आला, "बाई, हिचं नाव काय?"

फोटो काढणारीलाही ते ठाऊक नव्हतं!

ती डोरोथिया लँग. सॅन फ्रान्सिस्कोत तिचा स्टुडिओ होता, पैसेवाल्यांचे फोटो काढायची. मंदीत बेकारांच्या रांगा दिसू लागल्या, तशी ती कॅमेरा घेऊन रस्त्यावर आली. लहानपणच्या पोलिओनं पाय अधू, तरी हिंडायची. खेड्यापाड्यांतली गरिबी टिपायला पुढे सरकारनंच तिला कामावर घेतलं. मार्च १९३६ मध्ये महिनाभराचं काम आटोपून, भर पावसात ती मोटारीनं घरी निघाली होती. कॅलिफोर्नियात निपोमोजवळ मटार तोडणाऱ्या मजुरांच्या तळाची पाटी दिसली. पण घरची ओढ (ती काय आपल्याला सांगायला हवी?), गेली तशीच पुढे. वीस मैलांवर गेल्यावर मात्र मन राहवेना, गाडी वळवली.

थंडीनं मटारचं पीक गेलेलं. काम नाही, मजुरी नाही. शेतातला गारठलेला भाजीपाला आणि पोरांनी मारलेली पाखरं, यावर दिवस निघत होते. बाई बत्तीस वर्षांची, म्हणजे माझ्याहून लहान! लँगनं वय विचारलं, नाव नाही. दहा मिनिटांत पाचसहा फोटो काढून ती निघाली. तिला नावं ठेवायला जीभ वळवळते खरी, पण आपल्याकडे रोज भांडी घासायला येणारीचं आडनाव आपल्यापैकी कितीजणींना ठाऊक असतं?

फोटो वर्तमानपत्रात आले आणि सरकारनं तळावर वीस हजार पौंड, म्हणजे नऊ हजार किलोंवर धान्यधुन्य पाठवलं. तोवर ही बाई मुलांना घेऊन पुढच्या कामाच्या शोधात निघून गेली होती.

नाव कळलं ते १९७८ मध्ये. फ्लोरेन्स थॉम्पसन. शेतात राबून, दवाखान्यांत कामं करून, स्वयंपाक करून तिनं मुलं वाढवली होती. फोटो जगभर छापला गेला, मला दिडकी मिळाली नाही, असं तिचं गाऱ्हाणं. फोटो सरकारी, त्यामुळे लँगलाही त्याचे हक्क नव्हते, हेही खरं. मुलांना तर तो फोटो म्हणजे लाज वाटायची.

१९८३ मध्ये ती अंथरुणाला खिळली, तेव्हा मुलांनी मदतीचं आवाहन केलं. अनोळखी लोकांनी हजारो डॉलर पाठवले, सोबत पत्रं. ती पत्रं वाचून मुलांचं मन त्या फोटोबद्दल पालटलं. त्याच वर्षी ती गेली. तिच्या थडग्यावर तिचं नाव आहे, आणि त्याच दगडावर त्या फोटोचंही.