व्याजाचा हिशेब बचत गटातच शिकवा

आर्थिक साक्षरतेचं शिबिर म्हणजे बॅनर, भाषण, चहा आणि फोटो. एवढ्यानं व्याज कळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

साधा हिशेब बघा. कर्ज १०,००० रुपये, दर १२ टक्के, सारखे १२ मासिक हप्ते. व्याज फ्लॅट असेल तर वर्षाला १,२०० रुपये. उरलेल्या मुद्दलावर असेल तर साधारण ६६०. दर तोच, व्याज मात्र जवळपास दुप्पट! हे भाषणात डोक्यावरून जातं. स्वतःचं हप्त्याचं कार्ड हातात घेतलं की लगेच उमगतं.

म्हसवडच्या बायकांचंच बघा. निरक्षर म्हणून त्यांच्या बँकेला आधी परवाना नाकारला होता. त्या लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा गेल्या, तोंडी व्याज काढून दाखवायला तयार झाल्या. १९९७ मध्ये माणदेशी महिला बँक उभी राहिली. गरज स्वतःची होती, म्हणून शिकल्या.

तेव्हा कृषी सहायक साहेब, शेतीशाळेत खताच्या मात्रेसोबत अर्धा तास हाही हिशेब घ्या. वस्तीवरच्या बचत गटात बारावीच्या पोरीला फळ्यावर मांडू द्या. आणि बाया-बापड्यांनो, सही करण्याआधी एवढंच विचारा: व्याज फ्लॅट, की उरलेल्या मुद्दलावर?