डिंकाच्या लाडवांबरोबर स्वतःची फाइलही घ्या

आजकाल तालुक्याच्या गावातही एखादं तरी घर असं सापडतंच, जिथली लेक नाहीतर सून अमेरिकेत आहे. तिला दिवस गेल्याचा फोन येतो आणि इकडे आईची धावपळ सुरू होते. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट. मग डिंक, अळीव, ओवा, बाळंतशेपा, मेतकूट. बॅग वजनकाट्यावर दहादा चढते आणि उतरते. लेकीच्या बाळंतपणाची तयारी अगदी चोख!

पण मैत्रिणींनो, सहा महिने परक्या देशात राहणाऱ्या त्या आईच्या तब्येतीची तयारी कोण करतं? साठीच्या आसपासची बाई, बी.पी.ची गोळी चालू, गुडघे कुरकुरणारे, एक दाढ अधूनमधून ठणकणारी. विचारलं तर उत्तर ठरलेलं : "मला काय धाड भरलीय? मी तिथे काम करायला चाललेय, आजारी पडायला नाही." आजारपण असं विचारून येतं का हो?

आपल्याकडे दाढ दुखली तर चौकातल्या दवाखान्यात दोन-चारशे रुपयांत काम भागतं. अमेरिकेत तसं नाही. पाहुणी म्हणून गेलेल्या बाईला तिथली सरकारी वैद्यकीय मदत सहसा मिळत नाही. इमर्जन्सीत एक रात्र काढावी लागली, तरी बिल रुपयांत मोजताना लाखांत जातं. म्हणून विमा हवाच. मात्र त्यात एक मेख असते. बहुतेक प्रवासी विम्यांत आधीपासूनचे आजार वगळलेले असतात, नाहीतर त्यांच्यासाठी फारच मर्यादित रक्कम मिळते. दातांचं नेहमीचं कामही सहसा त्यात बसत नाही. तेव्हा पॉलिसीची बारीक अक्षरं कुणाकडून तरी वाचून घ्या, आणि फॉर्ममध्ये डायबेटिस, बी.पी. लपवू नका. लपवलेलं उघड झालं की दावा नाकारला जातो.

आणि लपवण्यात तर आपण बायका पटाईत! "उगीच मुलांना कशाला टेन्शन?" म्हणून दुखणं अंगावर काढायचं. पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव झाला, तरी लाजेनं कुणाला सांगायचं नाही. असा रक्तस्राव थोडासा असला तरी तपासायलाच हवा. स्तनातली गाठ, चढताना लागणारी धाप, सगळं आधी दाखवून घ्या. प्रवासाची तारीख आली म्हणून तपासणी पुढे ढकलायची नसते, उलट ती लवकर उरकायची असते.

निघायच्या दोन महिने आधी दवाखान्याची वारी करा. दात, डोळे, शुगर, बी.पी. तपासून घ्या. चष्म्याचा एक जादा जोड घ्या. डॉक्टरांकडून इंग्रजीत चिठ्ठी घ्या. तीत गोळीच्या कंपनीचं नाव नको, औषधाचं मूळ नाव हवं. आपली क्रोसिन तिथे त्या नावानं मिळणार नाही. आपल्या पॅरासिटामॉलला तिथे ॲसिटामिनोफेन म्हणतात! आणि आपल्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तिथला दुकानदार बी.पी.ची गोळी देत नाही. त्यासाठी तिथल्याच डॉक्टरांची चिठ्ठी लागते. सोबत साधारण ९० दिवसांची औषधं नेता येतात, असा तिथल्या औषध प्रशासनाचा सर्वसाधारण नियम आहे. सहा महिने राहायचं तर पुढच्या गोळ्यांची सोय काय, हे मुलाशी आधीच बोलून ठेवा. गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, आणि त्या हातातल्या पिशवीत. मोठी बॅग हरवली तर लाडू जातील, पण गोळ्या जायला नकोत. इन्सुलिन तर सामानाच्या बॅगेत ठेवूच नका, तिथे ते गोठू शकतं.

मुंबईहून थेट विमान घेतलं तरी १५-१६ तासांचा प्रवास. एकाच जागी बसून पायात रक्ताची गाठ होण्याचा धोका असतो. मध्ये मध्ये उठा, पावलं हलवा, पाणी प्या. बाथरूमला जावं लागेल म्हणून पाणी टाळू नका.

आणखी एक, बाळासाठी. डांग्या खोकला आणि फ्लूच्या लशीबद्दल डॉक्टरांना विचारा. तान्ह्या बाळाला डांग्या खोकला जिवावर बेततो, आणि त्याची स्वतःची पहिली लस तिथे दोन महिन्यांचं झाल्यावर असते. म्हणून आजी-आजोबांनी बाळाला भेटण्याच्या किमान दोन आठवडे आधी ही लस घ्यावी, असं तिथले डॉक्टर सांगतात.

आता स्पष्टच बोलते. हा सगळा खर्च मुलांकडे मागायला आपल्याला संकोच वाटतो. का वाटावा? बाळंतिणीचं, बाळाचं, स्वयंपाकाचं सगळं आपण मायेनं करतो, त्याचा हिशेब कधीच मांडत नाही. मग आपल्या विम्याचे पैसे मागणं म्हणजे काही उपकार मागणं नव्हे. आई तिथे आडवी झाली, तर ओली बाळंतीण कुणाकुणाकडे बघणार? बाळाला की आईला?

मुलांनाही माझं सांगणं आहे. "आई, अळीव आणशील ना?" असं विचारता, तेव्हा त्याच फोनवर "तुझ्या तपासण्या झाल्या का?" हेही विचारा. आणि मैत्रिणींनो, त्यांनी विचारलं नाही, तर तुम्ही आपणहून सांगा. खरं खरं सांगा.