जुन्या चुकांवरचा पहारा

घरात एकदा दुरुस्तीला हात घातला की काय होते, हे वाचकांना मी सांगायला नको. प्लंबर स्वयंपाकघरातला गळका नळ ठाकठीक करून जातो आणि दुसऱ्या दिवशी न्हाणीघरात पाणीच चढत नाही. नळ दुरुस्त झाला यात शंका नाही. त्यापायी दुसरे काय बिघडले, हे पाहायला मात्र कोणी थांबलेले नसते. संगणकाच्या आज्ञावलींत हा प्रकार नित्याचा. काल नीट चाललेली गोष्ट आज बिघडणे याला तिथे ‘रिग्रेशन’ म्हणतात आणि ते पकडण्याच्या तपासणीला ‘रिग्रेशन टेस्टिंग’. नाव रुक्ष आहे. संगीताच्या बाबतीत तरी विषय तसा नाही.

हान-वेन नीनहाउस आणि यान न्यूवेनहाउझन या दोघा डच तरुणांनी १९९६ साली ‘लिलीपाँड’ नावाची आज्ञावली लिहायला घेतली. पाश्चात्त्य संगीताची स्वरलिपी सुबक छापून देणे हे तिचे काम. धातूच्या पत्र्यावर ठसे ठोकून स्वरलिपी उमटवणाऱ्या जुन्या युरोपीय कारागिरांचे काम तिने आदर्श मानले. ती फुकट मिळते, तिचे आतले सारे लिखाण कोणालाही वाचता येते आणि देशोदेशीचे स्वयंसेवक त्यात दुरुस्त्या करीत असतात.

इथेच खरी मेख आहे. पाच रेघांवर टिंबे मांडणे वरवर सोपे. पण टिंबाची दांडी, दांड्यांना जोडणारी तिरपी पट्टी, शार्प-फ्लॅटच्या खुणा, स्वरांवरून जाणारी कमान, खाली गाण्याचे शब्द, ही सगळी मंडळी लोकलमधल्या प्रवाशांसारखी एकमेकांना रेटत असतात. कोणी तक्रार करतो की अमुक ठिकाणी कमान एका खुणेवर आदळते. कोणी सज्जन ती कमान केसभर वर उचलतो. त्यामुळे भलत्याच रचनेत एक ओळ पुढच्या पानावर जाते आणि चेलो वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असताना नेमके पान उलटायची वेळ येते. कमान उचलणाऱ्याला याचा पत्ताही नसतो.

यावर लिलीपाँडकरांनी केलेला उपाय मला फार आवडतो. त्यांनी हजाराहून अधिक चिमुकले नमुने जमवले आहेत. बहुतेक नमुने दोन-चार मात्रांचे, एकाच बारीक मुद्द्याची परीक्षा घेणारे. आणि नमुन्यासोबत साध्या भाषेत एक टिपण, की इथे काय दिसायला हवे. पुष्कळदा एखादी चूक सुधारली की तिचा नमुना या संग्रहात जमा होतो. म्हणजे चूक गेली तरी तिच्या जागेवर पहारा बसतो. बदलापूर्वी सगळे नमुने छापून ठेवायचे, बदलानंतर पुन्हा छापायचे. कोणत्या नमुन्यात किती फरक पडला हे संगणक मोजतो आणि ज्यांत फरक जास्त ते नमुने जुन्या-नव्या चित्रांसह वरती मांडतो.

आणि इथे संगणकाचे काम संपते. गंमत अशी की, ‘बदलले’ एवढेच त्याला कळते; ‘बिघडले’ की ‘सुधारले’ हे कळत नाही. ते माणसाने चित्र पाहून ठरवायचे. यंत्र आले म्हणून तपासनीस गेला, असे समजणाऱ्यांना मी हे उदाहरण देईन. उलट त्याची जबाबदारी वाढली. घाईत त्याने चुकीच्या चित्राला मान्यता दिली, तर उद्यापासून तेच प्रमाण ठरते आणि पुढे कोणी ते सुधारले तर संगणक त्यालाच आडवा येतो! म्हणूनच चित्राशेजारचे ते टिपण मला चित्राहून मोलाचे वाटते. नवी सोय करणाऱ्याचे कौतुक सगळेच करतात. टिपणे लिहिणाऱ्याचे कोण करतो?

आपल्याकडच्या स्वरलिपीलाही हे लागू आहे. पं. भातखंडे यांच्या पद्धतीत सगळा अर्थ बारीक खुणांत साठवलेला. टिंब खाली तर मंद्र, वर तर तार. खाली आडवी रेघ म्हणजे कोमल, मध्यमावर उभी रेघ म्हणजे तीव्र. छपाईत एक टिंब गळले की स्वर सप्तक बदलतो, आणि पुस्तकावरून शिकणाऱ्या मुलाला ते कळायला मार्ग नसतो. उद्या कोणी ही लिपी छापणारी मुक्त आज्ञावली लिहायला बसलाच, तर त्याने रंगीत पडद्यांच्या आणि बटणांच्या मागे लागण्याआधी शे-पन्नास नमुने लिहावेत. पहिला मी सुचवतो. मंद्र सप्तकातला कोमल निषाद, एका मात्रेतल्या तीन स्वरांपैकी मधला. त्याच्या खाली कोमलाची रेघ येणार, मंद्राचे टिंब येणार आणि तिन्ही स्वरांना जोडणारी मात्रेची कमानही येणार. टिपण असे: तिन्ही खुणा स्वतंत्र दिसाव्यात, कोणतीही दुसरीवर चढू नये, आणि खालची तालाच्या खुणांची ओळ जागची हलू नये.